‘दाखला कशासाठी पाहिजे?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या समोर, माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि पावसाळ्यात गळणारा पत्रा. पाटीवर काहीही असो, लोक अजून ‘सेतू’च म्हणतात. उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते तो उत्पन्नाचा नसतो. ‘दाखला कशासाठी पाहिजे?’ असा असतो.

मध्यंतरी आपल्या दैनिकात वाचलं, की महाराष्ट्रात आता सरकारी आरोग्य योजनेला उत्पन्नाची अट राहिलेली नाही. बातमी खोटी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची अट गेली, हे खरंच आहे. पण अट गेली तरी दाखला गेलेला नाही. तो रोज माझ्या टेबलावर येतो, आणि त्यातले बरेच दाखले दवाखान्यासाठीच असतात. म्हणून हे लिहिते आहे. पुढं काही कबुल्याही येणार आहेत, तेव्हा नाव छापू नये ही विनंती आधीच करते.

‘कशासाठी’ विचारायचं कारण सरळ आहे. उत्तरावर आकडा ठरतो. संजय गांधी निराधारला २१ हजारांच्या आत लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीला १ लाख ६० हजारांच्या आत. धर्मादाय रुग्णालयात मोफत खाट हवी तर १ लाख ८० हजार, सवलतीची हवी तर ३ लाख ६० हजार. लाडकी बहीणला अडीच लाख. पोराच्या ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाला, ८ लाख. एकाच घरातली सासू, सून आणि नातू एकाच महिन्यात तीन दाखले काढायला येतात आणि तिघांच्या कागदावर घराचं उत्पन्न तीन तऱ्हेचं असतं. घर तेच, चूल तीच, सातबारा तोच.

यात लबाडी किती आणि नाइलाज किती, हे चौदा वर्षं त्या खुर्चीत बसूनही मला नीट सांगता येत नाही. नोकरदाराचं सोपं असतं, फॉर्म १६ असतो. बाकीच्यांनी काय सांगायचं? द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या माणसाला मी विचारते, ‘वर्षाला किती मिळतात?’ तो माझ्याकडं बघतो. चार महिने उचल घेऊन काम, दोन महिने घरी, मध्ये पंधरा दिवस पाठ धरलेली, मग मुकादमाचा हिशेब, त्यात आधीची उचल वजा. तो म्हणतो, ‘ताई, तुम्हीच टाका की काय बसतंय ते.’ आणि मी बसेल ते टाकते. तो स्वयंघोषणापत्रावर सही करतो. तलाठी अहवाल देतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडी तलाठीच), कचेरीतून डिजिटल सही होऊन दाखला येतो. मुदत पंधरा दिवसांची. मी टाकलेला अंदाज पंधरा दिवसांत राज्य शासनाचं सत्य होऊन बाहेर पडतो. त्याची प्रिंट मीच काढून देते.

पहिली कबुली इथंच दिली म्हणा.

केंद्र मी २०१२ साली घेतलं. त्याच वर्षी २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. हीच पुढं नाव बदलून फुले योजना झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. पात्र कोण, तर पिवळं आणि केशरी रेशनकार्ड. तोवर रेशनकार्डाचा रंग गहू आणि रॉकेलपुरता होता. त्या वर्षापासून तो छातीत दुखण्यापर्यंत येऊन पोचला. पांढऱ्या कार्डाचे लोक केशरी करून मागायला लागले. एक गृहस्थ मला म्हणाले होते, ‘पांढरं कार्ड म्हणजे मान वाटायचा हो. आता मान घेऊन अॅडमिट कुठं व्हायचं?’

या रंगांच्या मर्यादा ठरल्या १९९९ च्या मे महिन्यात. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, तिथून १ लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. मी तेव्हा नववीत होते. माझी थोरली मुलगी आता बारावीत आहे आणि मर्यादा तिथंच आहेत. १५ हजार म्हणजे सगळ्या घराचे दिवसाला ४१ रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. म्हणजे घरातला एक माणूस सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दरानं ४९ दिवस गेला की पिवळ्याची मर्यादा संपली. नवरा-बायको दोघं १६१ दिवस गेले की लाखाच्या वर, कायद्यानं पांढरं. प्रत्यक्षात असं कुणी कार्ड काढून घेत नाही, कारण घ्यायचं ठरवलं तर तालुक्यात पिवळं कार्डच उरणार नाही. मर्यादा कागदावर आणि कार्ड घरात, असं चाललंय. पण त्यामुळं ज्याचा कागद पुढं येतो तोच अडकतो. पगारपत्रक असलेला. पेन्शन खात्यावर येणारा. खरं बोलणारा.

आमच्याकडं पुढं आलेला कागद टेम्पोचा होता.

यजमानांनी २०१८ साली कर्जावर टेम्पो घेतला. भाजीपाला, कधी खताची पोती, लग्नसराईत मांडवाचं सामान. रेशनकार्डाच्या नियमात घरात चारचाकी असली की पांढरं. टॅक्सीचालकाला त्यातून सूट आहे, टेम्पोवाल्याचा उल्लेख नाही. बरं, टेम्पोच्या आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला. म्हणजे कागदावर गाडी आमची, हप्ता थकला की बँकेची, आणि रेशनकार्डापुरती पुन्हा पूर्ण आमची. दुसऱ्यांची कार्डं केशरी करून देणारी मी, माझं स्वतःचं पांढरं. करून घेता आलं नसतं असं नाही. पण माझ्या केंद्रासमोर रोज उभा राहणारा टेम्पो सगळ्या कचेरीनं पाहिलेला.

२०२२ च्या जानेवारीत सासूबाईंना अटॅक आला. दोन स्टेंट टाकावे लागले. दवाखान्यात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र चांगला पोरगा होता, माझ्या ओळखीचा. कितीतरी पेशंट मी त्याच्याकडं पाठवलेले. त्यानं कार्ड हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. ‘ताई, हे तुमचंच का?’ म्हणाला. मी हो म्हटलं. तो पुढं काही बोलला नाही, आणि मीही त्याला काही विचारलं नाही. दोघांनाही नियम पाठ होता.

त्यात माझं माहेर परंडा तालुक्यातलं. म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. आमच्या गावापासून मोटरसायकलवर तासाभराचं अंतर. शेतकरी आत्महत्यांमुळं राज्यातले १४ जिल्हे वेगळे काढलेले होते, तिथं सातबारा असलेल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही योजना लागू होती. धाराशिव त्यात होता, सोलापूर नव्हता. माझ्या भावाचं कार्ड पांढरंच. त्याच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी आदल्या वर्षी योजनेतून झालेली, तेही त्याच जिल्ह्यातले. आमच्याही नावावर पावणेदोन एकर रान आहे, ते सीना नदीच्या अलीकडं आहे एवढंच. भाऊ मला फोनवर म्हणाला, ‘सासूबाईंना इकडं आणलं असतंस तर?’ मी म्हटलं, आजारी माणूस आणता येतं रे, सातबारा कसा आणू?

आम्ही टेम्पोवर आणखी कर्ज काढलं. ज्या टेम्पोमुळं योजना मिळाली नाही त्याच टेम्पोनं पैसे उभे केले, असा तो हिशेब. आता ते सगळं फिटत आलं आहे. त्याची रड गायला हे पत्र नाही.

२८ जुलै २०२३ ला शासनाचा निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून फुले योजना सगळ्यांना खुली झाली. पिवळं, केशरी, पांढरं, सगळी कार्डं. संरक्षण कुटुंबाला ५ लाखांचं, उपचार तेव्हा १,३५६. त्या जुलैत माझ्या केंद्रावर जी गर्दी झाली ती विचारू नका. पांढऱ्या कार्डाला ऑनलाइनचा बारा अंकी नंबरच नव्हता, कारण त्यांना धान्य नाही म्हणून ती कधी चढवलेलीच नव्हती. आधी नंबर, मग आधार जोडणी, मग ओटीपी, मग म्हाताऱ्यांचे न उमटणारे अंगठे. तरी लोक तक्रार करत नव्हते. ‘उत्पन्न किती’ असं कुणी विचारत नव्हतं, हेच त्यांना नवल वाटत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आलं, तेही उत्पन्न न विचारता. सासूबाईंचं कार्ड मी माझ्याच टेबलावर काढलं. त्यांनी हळूच विचारलं, ‘किती लिवलंस गं?’ मी म्हटलं, विचारलंच नाही. त्यांचा विश्वास बसेना. घरी येईपर्यंत त्या म्हणत होत्या, बघ बाई, नंतर काढून घेतील.

इथवर सगळं बरं. मग मी पत्र का लिहिते आहे? एका बाईसाठी. तिचं नाव सांगत नाही, गावही नाही.

वय पन्नाशीच्या आत. नवरा वारलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते, मानधन महिना अडीच हजार, तेही वर्षाचे दहाच महिने. एकुलता एक मुलगा खताच्या दुकानात, महिना साडेबारा हजार. एक एकर जिरायत रान. गेल्या वर्षी मे महिन्यात तिच्या मणक्यात गाठ निघाली. योजनेचं कार्ड होतं तिच्याकडं. पण कार्ड असून भागत नाही, ज्या दवाखान्यात तो डॉक्टर आहे तो दवाखाना योजनेच्या यादीत असावा लागतो. सोलापुरातून तिला पुण्याला पाठवलं, आणि जिथं पाठवलं ते रुग्णालय यादीत नव्हतं. धर्मादाय मात्र होतं.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट वाचकांना थोडी सांगायला हवी, कारण माझ्याकडं येणाऱ्या दहांतल्या आठांना ती ठाऊक नसते. विश्वस्त संस्थांच्या या मोठ्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयानं मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी आपल्या बिलांतल्या उत्पन्नाचे २ टक्के वेगळ्या निधीत बाजूला काढावे लागतात. तातडीचा पेशंट असेल तर डिपॉझिट न मागता आधी दाखल करून घ्यावं लागतं. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. पुरावा काय? बहुतेक वेळा तहसीलदारांचा दाखला.

तर मुलगा दाखल्याला आला. ‘कशासाठी?’ विचारून झालं. मी आकडे मांडले. मुलाचे दीड लाख. आईचे २५ हजार. झाले १ लाख ७५ हजार. बसतंय म्हटलं. पण दुकानाच्या मालकानं पगाराचं पत्र दिलं होतं, लेटरहेडवर, शिक्का मारून, म्हणजे ती रक्कम हलणारी नव्हती. आणि तलाठ्यानं अहवालात रानाचे १२ हजार धरले. कोरडवाहू एकराला १२ हजार काही जास्त नाहीत, तलाठ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दाखला आला १ लाख ८७ हजारांचा.

सात हजारांनी बाई निर्धनाची दुर्बल झाली. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, सवलतही मिळाली. रुग्णालयानं नियमाबाहेर काही केलं नाही. सवलत वजा जाऊन भरायचे राहिले ७८ हजार. मुलानं ते मालकाकडून उचल म्हणून घेतले. त्याच्या पगारातून ते अजून कापले जातात, पण ते कुठल्या दाखल्यावर येत नाही. दाखल्यावर जमा लिहितात, उचल लिहीत नाहीत.

या मर्यादेला उतार नाही, कडा आहे. १ लाख ८० हजारांपर्यंत सगळं मोफत, आणि १ लाख ८० हजार १ रुपयाला एकदम दुसरा वर्ग. वरच्या सात हजारांसाठी सात हजार भरायला लावले असते तर त्या मुलाचं काही म्हणणं नव्हतं. चौदा हजार भरायला लावले असते तरी त्यानं भरले असते. सात हजारांचे अठ्ठ्याहत्तर हजार होतात तिथं माझी अक्कल थांबते.

दुसरं म्हणजे, घरात तोंडं किती हे कुणी विचारतच नाही. दोन माणसांच्या घराला १ लाख ८० हजार आणि सात माणसांच्या घरालाही १ लाख ८० हजार. दाखल्यात कुटुंबाचं उत्पन्न असतं, कुटुंब किती जणांचं हे मर्यादेच्या हिशेबात येत नाही. घरातली पोरगी दोन पैसे मिळवायला लागली की उत्पन्न वाढतं, तेवढ्यात घरात जन्मलेलं लेकरू मात्र कुठं मोजलं जात नाही.

मर्यादाच काढून टाका, असं मी म्हणणार नाही. धर्मादायच्या खाटा मोजक्या आहेत. अट नसेल तर त्या कुणाच्या चिठ्ठीवर भरल्या जातील हे आम्हाला तालुक्यात बसूनही कळतं. चाळण पाहिजेच. केंद्राच्या आयुष्मान योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून निघाली, तिथं उत्पन्न न विचारता घर कसं आहे, काय आहे हे पाहिलं. ती चाळण बरी वाटावी, तर घरात फ्रिज किंवा दुचाकी असली की नाव बाहेर. तारेचा फोन असला तरी बाहेर! माझ्याकडं एक आजोबा यायचे नाव शोधायला. त्यांच्या घरी तो फोन होता, २०११ मध्ये सुद्धा बंदच पडलेला. मोजायला आलेल्या माणसाला तो भिंतीवर दिसला. खरं काय नि खोटं काय ते आता कुणी पाहायचं? आजोबा तर गेले.

तेव्हा चाळण असावी, पण भोकं कुठल्या मापाची हे पंचवीस वर्षांत एकदा तरी पाहावं. आणि कड्याचा उतार करता येतो, हे सरकारला माहीत नाही असंही नाही. कामगारांच्या ईएसआयमध्ये, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेत, आहे की. माझी नणंद चाकणला एका कारखान्यात आहे. ईएसआयची पगाराची मर्यादा २१ हजार, २०१७ च्या जानेवारीपासून तीच. नणंदेचा पगार मे महिन्यात मर्यादेच्या वर गेला. मला वाटलं, गेलं हिचं कार्ड. पण तिथं एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे सहा-सहा महिने असतात. मध्येच पगार वाढला तरी तो टप्पा संपेपर्यंत माणूस आतच राहतो. त्या टप्प्याच्या वर्गणीवरचा उपचाराचा हक्क पुढंही काही महिने चालतो. पगारवाढीनं माणूस एका रात्रीत दवाखान्याबाहेर पडत नाही. ही सोय ज्या कुणा कारकुनाला सुचली असेल त्याच्या पाया पडावं वाटतं.

तसं धर्मादायला का नको? मर्यादा जेवढ्यानं ओलांडली असेल, त्याच्या पटीत भरायचं ठेवा. घरातल्या माणसांवर मर्यादा ठरवा. ज्या घरानं मागच्या वर्षी दवाखान्यात लाखभर घातले, त्यांच्या उत्पन्नातून ते वजा धरा. बिलं असतात, दाखवतील. आणि एकदा उपचार सुरू झाला की तो आजार संपेपर्यंत पुन्हा नवा दाखला मागू नका. दाखला ३१ मार्चला संपतो, गाठ ३१ मार्चला संपत नाही. १ एप्रिलला माझ्याकडं केमोच्या मधल्या आठवड्यातले पेशंट रांगेत उभे असतात, डोक्याला रुमाल बांधलेले, आपण अजून गरीब आहोत हे सांगायला. त्यांना मी रांग सोडून आधी आत घेते. नियमात बसतं का माहीत नाही.

दुसरी कबुली राहिली. हे सगळं पाहून मी लोकांना आकडा ‘बसवून’ देत आले. दर खेपेला नाही, पण देत आले. ज्याला खरंच गरज आहे त्याचा कमी टाकला तर पाप नाही, असं मनाशी धरून चालले. पण गरज खरी कुणाची हे मी कोण ठरवणार? बागायतदाराच्या पोराचाही दाखला माझ्याच प्रिंटरमधून निघालेला आहे. त्या वेळी मीही काही बोलले नाही. त्याचे वडील चहा घेऊन गेले होते.

आता कालची, सोमवारची गोष्ट. तीच बाई स्वतः आली, काठी घेऊन, पण आपल्या पायांनी. पुण्याला पुन्हा दाखवायचं आहे, एमआरआय करायचा आहे, नवा दाखला हवा. मी पुन्हा मांडायला बसले. गेल्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा तिचं रान खरडून गेलं, माती राहिली नाही. पंचनामा तलाठ्यानंच केलेला, त्यामुळं रानाचं उत्पन्न यंदा शून्य. (पुराची मदत खात्यावर आली ती उत्पन्नात धरायची का, हे तलाठ्याला विचारायचं धाडस मी केलेलं नाही.) तिचे २५ हजार. मुलाचे दीड लाख. १ लाख ७५ हजार! मी हसले, म्हटलं, ‘मावशी, यंदा बसलं बघा तुमचं.’

ती हसली नाही. पिशवीतून तिनं मालकाचं पत्र काढलं. तेच लेटरहेड, तसाच शिक्का. मालकानं गेल्या पाडव्यापासून पोराचा पगार पाचशेनं वाढवलेला. महिना १३ हजार. वर्षाचे १ लाख ५६ हजार. मी बोटांवर केलं, मग कॅल्क्युलेटरवर केलं. १ लाख ८१ हजार.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘मालकाला म्हणू का, जुनाच पगार लिहून द्या म्हणून? का तुम्हीच बसवता?’

लाइट गेली तेवढ्यात, आमच्याकडं रोज दुपारी जाते. मी तिला परवा या म्हटलं. अर्ज सेव्ह करून ठेवला आहे, उत्पन्नाची चौकट सोडून बाकी सगळा भरलेला. परवा उद्यावर आलं आहे.

आपली,
एक सेवा केंद्रचालक,
जि. सोलापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे कळवला आहे.)